बातमीचा गेम केला आणि बंदरावर शिव्या खाल्ल्या

खाडीकाठ
रविवार, सकाळी ११.२०

इथे मी वाचतो जास्त, लिहितो कमी. पण गेले दोन महिने एक उद्योग करून बसलोय आणि घरात आता कोणी ऐकून घेत नाही, म्हणून हा धागा.

मी तेरा वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा पानाला बातम्या दिल्या. मालवण, देवबाग, सर्जेकोट, आचरा हा माझा पट्टा. या तेरा वर्षांत 'पर्ससीन विरुद्ध पारंपरिक' ही बातमी किती वेळा लिहिली त्याला गणती नाही. (पर्ससीन म्हणजे मोठ्या बोटीवरून माशांचा अख्खा थवा वेढून उचलणारं जाळं.) पकडलेल्या नौकांचा आकडा बदलायचा, निवेदन स्वीकारणारे साहेब बदलायचे. बाकी मजकूर मागच्या वर्षीचा उचलला तरी कोणाला कळलं नसतं. (एकदा खरंच उचलला होता. कळलं नाही.) शेजारचा पागी मला म्हणायचा, "तुमची बातमी म्हणजे पंचांग. दरसाल तांच."

यंदा जुलैत होड्या वर काढून झापांनी शाकारलेल्या, मी रिकामा, आणि पुण्याला शिकणारा भाचा सुट्टीवर आलेला. तो म्हणाला, मामा, याचा गेम का नाही करत? मला वाटलं थट्टा करतोय. त्याने यूट्यूबवर एका जुन्या गेमचा व्हिडिओ लावला. उरुग्वेच्या गोन्झालो फ्रास्काने २००३ मध्ये केलेला, नाव 'सप्टेंबर १२'. वरून दिसणारं पश्चिम आशियातलं एक गाव. बाजार, बायका, पोरं, मधूनच एखादा बंदूकधारी. तुमच्याकडे क्षेपणास्त्राचं बटण. दाबलं की ते जरा उशिराने पडतं, तोवर बंदूकधारी पुढे सरकलेला असतो आणि मरतो कोणी भलताच. मेलेल्याभोवती माणसं जमतात, रडतात, आणि रडता रडता त्यांच्यातलेच काही बंदूकधारी होतात. पाच मिनिटांत गाव बंदुकांनी भरतं. जिंकायची सोयच ठेवलेली नाही. सुरुवातीच्या छोट्या सूचनेनंतर फ्रास्का एक शब्द बोलत नाही आणि तरी तो अख्खा अग्रलेख आहे.

मग भाच्याने दुसरा दाखवला आणि मी सरळ उठून बसलो. २०१४ मध्ये अल जझीराने 'पायरेट फिशिंग' काढला. त्यांची वार्ताहर ज्युलियाना रूफस आफ्रिकेत सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर गेली होती. तिथे छोट्या होड्यांसाठी राखलेल्या पट्ट्यात मोठे ट्रॉलर घुसतात, त्याचा शोध. आधी त्याची फिल्म झाली, नंतर तेच चित्रण तुकड्यातुकड्यांनी खेळणाऱ्याच्या हातात दिलं. तुम्ही शिकाऊ वार्ताहर. व्हिडिओ बघून त्यातला पुरावा कोणता आणि नुसती पार्श्वभूमी कोणती हे वहीत लावायचं, गुण मिळवत वरच्या पदावर जायचं. राखीव पट्टा, रात्री आत घुसलेली बोट, किनाऱ्यावर हताश उभी माणसं. गावांची नावं बदला, ही माझीच बातमी.

तर आम्ही ट्वाइन नावाच्या फुकट साधनात एक गेम केला. नाव 'सात दिवस'. तुम्ही मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचे मच्छीमार. रोज सकाळी ठरवायचं: रापणीला (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं) जायचं, जाळं घेऊन होडीने बाहेर जायचं, की घरी बसायचं. डिझेल, बर्फ, सावकाराचा हप्ता. लांबवर पर्ससीनच्या बोटींचे दिवे.

आता जिथे अडलो ते सांगतो. गेमला आतून आकडे लागतात. दर्यात सोमवारी १०० मासे धरले. रापण दिवसाला २ घेते, होड्या ३ आणि पर्ससीन २५. रात्रीत किती मासे परत येतात? भाच्याने सहज ८ टाकला. गेम चालवला. पाचव्या दिवशी दर्या रिकामा. खेळणारा कर्जबाजारी, डोळ्यासमोर पर्ससीनचे दिवे. मी खूश. हेच तर तेरा वर्षं सांगत होतो!

मग गंमत म्हणून भाच्याने ८ चे २८ केले. सातव्या दिवशीही दर्या निम्म्याहून जास्त भरलेला, सगळे सुखी, भांडण कसलं तेच कळेना.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढी मोठी भांडणं, मोर्चे, समुद्रातल्या मारामाऱ्या, आणि गुन्हेगार कोण हे ठरलं एका आकड्यावरून, जो एका विशीतल्या पोराने चहा पिता पिता टाकला.

तरी बंदरावर घेऊन गेलो. जाळी शिवायला बसलेल्या एका जुन्या तांडेलाच्या (होडीच्या म्होरक्याच्या) हातात फोन दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, अंगठा लुंगीला पुसला, सोमवारी रापण दाबली. मंगळवारी रापण. बुधवारी थांबले. "ह्यात वारो खय असा?" मी म्हटलं वारा नाही ठेवला. "पाणी? उधाण की भांग?" भरती मोठी की लहान, तेही नव्हतं. "सोमवार-मंगळवार कोणाक व्हयो? तिथी सांग." फोन परत दिला आणि पुढे जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही.

तेव्हा प्रश्न असा: गेम ही पत्रकारिता होऊ शकते का? आणि होत असेल तर तो ८ कोणी ठरवायचा?


सोलकढी_प्लीज
रविवार, दुपारी १२.०५

वाखु (वाचनखूण) साठवली. लिंक द्या हो, शिव्या मीही घालते.


निवटी
रविवार, दुपारी १.४०

खाडीकाठ, मी उपसंपादकाच्या खुर्चीत आयुष्य घालवलंय, तेव्हा जरा खवचट बोलतो, राग मानू नका.

बातमीत आपण लिहितो, 'पर्ससीनमुळे मासळी संपली, असा आरोप पारंपरिक मच्छीमारांनी केला'. त्या 'असा आरोप'वर आमचं पोट चाललं. कोण बोललं, कधी बोललं, समोरच्याचं म्हणणं काय. तुमच्या गेममध्ये आरोप कोणी केला? कोणीच नाही. तिथे तो आरोप राहिलाच नाही, निसर्गनियम झाला. पाणी शंभर अंशांना उकळतं तसे मासे ८ ने परत येतात. खेळणाऱ्याला वाटतं मी स्वतः बघितलं, माझ्या हातून दर्या रिकामा झाला. बातमी वाचून माणूस निदान 'पत्रकार विकला गेलाय' तरी म्हणू शकतो.

फ्रास्काचं मला ठाऊक आहे. त्याचं काम म्हणजे व्यंगचित्र. व्यंगचित्रकाराला कोणी दुसरी बाजू विचारत नाही. तुम्हाला व्यंगचित्र काढायचंय की बातमी द्यायचीय, ते आधी ठरवा.

अवांतर: मागच्या वर्षीचा मजकूर उचलला होता हे लिहायची गरज नव्हती. माझं डोकं उगाच जुन्या अंकांकडे गेलं.


खाडीकाठ
रविवार, दुपारी २.१५

निवटीसाहेब, 'आरोप निसर्गनियम झाला' हे वाक्य कागदावर लिहून समोर चिकटवलंय. खरंच उत्तर नाही माझ्याकडे.

लिंक वरच्या मजकुरात टाकली आहे. व्हॉट्सॲपवरून फाईल पाठवली होती, निम्म्या लोकांना उघडलीच नाही.


वाशिष्ठी
रविवार, दुपारी ४.३०

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. सासूबाईंना आम्ही पत्र्यावर बसवून काढलं. म्हणून विचारते, उद्या कोणी चिपळूणच्या पुराचा गेम काढला तर? 'पत्र्यावर चढा' असं बटण? आणि कोणी मुलगा बसमधून जाताना तो खेळणार आणि सासूबाई तीनदा बुडवणार?

बातमी वाचताना माणूस गप्प बसतो. गेममध्ये तो 'अरे परत लागला' म्हणतो. मला हे सहन होणार नाही.


खाडीकाठ
रविवार, संध्याकाळी ५.५०

वाशिष्ठीताई, तुमचं चुकीचं आहे असं म्हणायची माझी छाती नाही. बीबीसीने २०१५ मध्ये सीरियातून पळणाऱ्या कुटुंबाचा प्रवास असाच 'तुम्ही काय कराल' पद्धतीने मांडला होता. तेव्हाही लोक भडकले होते की माणसांच्या हालांचा खेळ करताय म्हणून.

पण फ्रास्काचंच एक दुसरं सांगतो. मार्च २००४ मध्ये माद्रिदला लोकल गाड्यांत स्फोट झाले. त्याने दोन दिवसांत एक छोटा खेळ केला, नाव 'माद्रिद'. हातात मेणबत्त्या घेतलेली माणसं उभी आहेत, वाऱ्याने ज्योत मंद होते, तुम्ही एकेका ज्योतीवर टिचकी मारून ती वाढवत राहायचं. बस. कोणी मरत नाही, कोणाला वाचवायचं नाही. खेळायला घेतलं की हात दुखेपर्यंत माणूस टिचक्या मारत राहतो. त्याला खेळ म्हणावं की आणखी काही, मला ठरवता आलेलं नाही.


वाशिष्ठी
रविवार, संध्याकाळी ६.२०

मेणबत्त्यांचं समजू शकते.

आणि खरं सांगू, पुराच्या बाबतीत मला सासूबाईंचा खेळ नकोय, पण दुसरा एक हवाय. पूर ओसरल्यापासून आम्ही भांडतोय की तो आला कशाने. कोणी म्हणतं पाऊसच तेवढा झाला, कोणी कोळकेवाडी धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवतं, कोणी भरतीकडे, कोणी वाशिष्ठी नदीत वर्षानुवर्षं साठलेल्या गाळाकडे. गाळ काढा म्हणून गावाने साखळी उपोषण केलं. प्रत्येक वर्तमानपत्राने यातलं एकेक कारण उचलून वेगवेगळ्या दिवशी छापलं. चारही एकत्र ठेवून, भरती दोन तास मागे-पुढे केली तर काय, गाळ निम्मा असता तर काय, असं मला स्वतःच्या हाताने फिरवून बघायला मिळालं असतं तर ते मी रात्रभर बसून बघितलं असतं. त्यात माणूस एकही नको. नुसती नदी द्या.


मिरकरवाडा
रविवार, रात्री ८.४५

गेम खेळलो. आमचं घर पर्ससीनचं, आधीच सांगून टाकतो. तुमच्या गेममध्ये आम्ही म्हणजे लांबवरचे दिवे. ना चेहरा ना नाव. भुताच्या गोष्टीत असतात तसे.

आता त्या दिव्यांखाली काय असतं ते ऐका. बोटीवर वीस-पंचवीस खलाशी, त्यातले बरेच नेपाळचे, त्यांना हंगामाआधी उचल दिलेली. कर्ज बँकेचं, जाळं लाखांचं. ५ फेब्रुवारी २०१६ चा सरकारी आदेश आठवतो का? नवे परवाने बंद, होते ते ४९४ वरून टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे, आणि आम्हाला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने. आठ महिने बोट बंदरात शाकारून ठेवा आणि हप्ते बारा महिने भरा. नियम मोडणारे आमच्यात आहेत, नाही म्हणत नाही. पण माणूस नियम का मोडतो हे तुमच्या गेममध्ये कळतच नाही, कारण आमच्या बाजूने खेळताच येत नाही.

आणि तुमचा तो ८. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ मध्ये राज्याची मासळी २.०१ लाख टनांवर आली, आदल्या वर्षी २.९५ लाख होती. लगेच सगळे म्हणाले, बघा पर्ससीन. त्या साली ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'क्यार' आणि 'महा' अशी दोन वादळं पाठोपाठ आली होती. ऐन हंगामात सगळ्यांच्या बोटी बंदरात. तुमच्या गेममध्ये वादळ आहे का? तांडेल बरोबर बोलले, वारा कुठाय?


निवटी
रविवार, रात्री ९.१०

मिरकरवाडा, एक वर्ष वादळाचं म्हणून सोडून देऊ. तारली मासळी वर्षानुवर्षं का कमी होतेय, त्याचं काय?


मिरकरवाडा
रविवार, रात्री ९.१६

त्याचं उत्तर समुद्राच्या तापमानापासून जाळ्याच्या आसापर्यंत (भोकाच्या मापापर्यंत) कुठेही सापडेल. आमच्याकडे बारीक आसाची जाळी वापरणारे आहेत, त्यांना मी बंदरावर तोंडावर बोललोय. पण मग तेही घाला गेममध्ये. मासे का कमी झाले हे खेळणाऱ्याला शोधू दे. तुम्ही आधीच उत्तर घालून ठेवलंय आणि त्याला फक्त सात दिवस चालवत तिथवर नेताय.


झावळी
सोमवार, सकाळी ७.३०

सगळे गेम शब्दावर अडलेत म्हणून आमच्या बाजूचं सांगतो. कोकणात 'खेळ' म्हटलं की पोरांचा खेळ कोणाच्या डोक्यात येतो? मालवणात 'आज देवळात खेळ आसा' म्हणजे दशावतार. रत्नागिरीत 'खेळे आले' म्हणजे शिमग्यातलं नमन. आणि बातमी तिथे कायम होती. नमनातली मावशी गवळणींना मथुरेच्या बाजाराला नेता नेता रस्त्यातल्या खड्ड्यांवर, पाण्याच्या टाकीवर, सरपंचावर बोलून घेते आणि सरपंच पहिल्या रांगेत बसून हसतो, कारण न हसून करतो काय.

दशावतारात तर संवाद लिहिलेलेच नसतात. आख्यान ठरलेलं, पात्रं ठरलेली, राक्षस मरणार हेही ठरलेलं. बाकी रात्री उभं राहून बोलायचं. म्हणजे नियम पक्के आणि बोलणं मोकळं. खाडीकाठ यांच्या भाच्याने ट्वाइनमध्ये काय वेगळं केलं?

फरक एकच दिसतो. मावशी काय बोलली ते आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन भांडता येतं. तो ८ कुठे राहतो?


पॉवरकट
सोमवार, सकाळी १०.५५

झावळी __/\__

मी मूळचा गुहागरचा, पोटापाण्याला प्रोग्रामर. थोडं तांत्रिक.

व्हॉट्सॲपचं: एचटीएमएल फाईल फोनवर फॉरवर्ड केली की कुठल्या ॲपने उघडायची तेच पुष्कळांना कळत नाही. इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर फुकट टाका आणि लिंक फिरवा. अक्षरं मोठी करा. बंदरावर उन्हात खेळणार असाल तर काळ्यावर राखाडी अक्षर हा अत्याचार आहे.

जपून ठेवण्याचं: फ्रास्काचे गेम फ्लॅश नावाच्या ब्राउझरच्या जुन्या तंत्रात होते. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि त्या काळातले असले पुष्कळ गेम ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. म्हणूनच तुमच्या भाच्याला व्हिडिओ दाखवावा लागला. १९६० चं वर्तमानपत्र वाचनालयात मिळतं, २००३ चा गेम शोधत फिरावं लागतं. तुमचा साधा एचटीएमएल आहे, तो टिकेल. तरी मजकुराची एक प्रत कागदावर काढून ठेवा, मी थट्टेने बोलत नाहीये.

आता ८ बद्दल. फायनान्शियल टाइम्सने २०१७ मध्ये उबर चालकांवर एक गेम केला. तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात गाडी चालवताय, दोन मुलं आहेत, आठवड्यात १,००० डॉलर जमवून घराचा हप्ता भरायचाय. मुलाच्या गृहपाठाला घरी थांबायचं की आणखी एक फेरी मारायची, असले प्रश्न. त्यात मला आवडलं ते हे, की आधी डझनावारी चालकांशी बोलून मग त्यावर तो गेम बेतला होता. म्हणजे निवटी म्हणतात तो 'असा आरोप' तिथे होता, पण पडद्यामागे. खाडीकाठ यांच्याकडे तेरा वर्षांच्या मुलाखती पडून आहेत. वह्या आहेत ना?


खाडीकाठ
सोमवार, सकाळी ११.३०

वह्या आहेत. दोनांना वाळवी लागली, बाकीच्या आहेत.

मुलाखतीत आकडे मात्र मिळत नाहीत हो. रापणकार म्हणतो, "पूर्वी एका ओढीत दोन दिवस पुरात इतके, आता टोपली भरणा नाय." पर्ससीनवाला म्हणतो, "थवा आज इथे, उद्या पन्नास मैलांवर, संपतो कसला?" दोघांचे डोळे खरे बोलतात. याचं ८ आणि २८ कसं करू?


तिखलं
सोमवार, दुपारी ३.२०

खाडीकाठभाऊ, गेम खेळलंय. दोनदा बुडलंय. पण माका एक सांग, मासे किनाऱ्यार इले आणि दिवस संपलो, ह्या कसा? आमचा काम थयसूनच सुरू होता. लिलावात बोली कोण लावता? बर्फ कोण घेता? टोपली घेवन बाजारात कोण बसता? तुझ्या सात दिवसांत एक बाईल माणूस नाय. बायको आसा ती फक्त 'हप्तो भरलास काय' विचारूक.

मी आणि माझी जाव काळोखात लिलावाक जातंव. बांगड्याची टोपली समज आठशेक घेतली, पन्नासाचो बर्फ, शंभर टेम्पोक. साडेनऊशे गेले. पयला गिरायक येता आणि डोळो दाबून बघता, "ताजो आसा मगो?" दुपारपर्यंत गेली नाय तर अर्ध्या भावान देवची. उरली ती सुकवूची, आणि पावस इलो तर तीपण गेली.

आणि एक. दर्यात मासो उरलो की नाय ता आमका दिसणा नाय. आमका भाव दिसता. ज्या दिवशी मोठे बोटी तारली भरभरून आणतत त्या दिवशी आमची टोपली कोण विचारणा नाय. माझा नुकसान मासो संपलो म्हणान होणा नाय, मासो जास्ती इलो म्हणान होता. ह्या घाल तुझ्या गेमात.


निवटी
सोमवार, दुपारी ३.५०

तिखलंताई, चाळीस वर्षं मासळीच्या बातम्यांची शीर्षकं देतोय आणि 'मासा जास्त आला म्हणून नुकसान' हे कधी सुचलं नाही. साष्टांग.


पॉवरकट
सोमवार, संध्याकाळी ६.१०

खाडीकाठ, एक सुचवतो. ८ की २८ हे तुम्ही ठरवूच नका. गेम सुरू होताना खेळणाऱ्याला विचारा, 'कोणाच्या शब्दावर दर्यात जाताय?' रापणकाराच्या की पर्ससीनवाल्याच्या. तुमच्या वहीतलं त्याचं वाक्य तिथे द्या. ज्याचा शब्द घेतला त्याचा आकडा चालेल. दोन्ही बाजूंनी खेळून झालं की शेवटी दोन्ही हिशेब शेजारी शेजारी.


मिरकरवाडा
सोमवार, संध्याकाळी ६.४०

हे चालेल. आमच्या बाजूचं वाक्य मी देतो. उगाच तुमच्या वहीतलं २०१२ चं काढू नका.


निवटी
सोमवार, संध्याकाळी ७.०२

म्हणजे 'असा आरोप' पहिल्या पानावर. माझी निम्मी हरकत मागे घेतो. उरलेली निम्मी अशी की दोन बाजू शेजारी ठेवल्या म्हणजे दोन्ही सारख्याच खऱ्या असं होत नाही. आमच्या धंद्यातला हा जुना रोग आहे, गेममध्ये आणू नका. बंदीच्या काळात पकडलेली बोट ही बाजू नसते, ती पकडलेली बोट असते. नोंद झालेल्या कारवाया खेळणाऱ्याने कोणाचाही शब्द घेतला तरी दिसल्याच पाहिजेत.


खाडीकाठ
शुक्रवार, रात्री १०.१५

चार दिवस गायब होतो, रागावलो नव्हतो. दुसरी आवृत्ती वर टाकली आहे.

वार गेले, तिथ्या आल्या. अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत, भांगापासून उधाणापर्यंत. त्यामुळे सातचे आठ दिवस झाले, नाव मात्र 'सात दिवस'च ठेवलंय, भाचा म्हणतो लोगो झालाय. वारा आला. एक दिवस वादळाचा इशारा येतो, तो कुठल्या तिथीला येईल ते ठरलेलं नाही. कोणाच्या शब्दावर जायचं ते सुरुवातीला निवडायचं. मिरकरवाडा यांनी दिलेलं वाक्य जसंच्या तसं घेतलंय. पर्ससीनच्या बोटीवरूनही खेळता येतं. तिथे खलाश्यांची उचल आणि बँकेचा हप्ता आहे, आणि अंधारात राखीव पट्ट्यात शिरायचं की नाही हा प्रश्न रोज येतो. शिरलात तर गस्ती नौका कधी येते, कधी येत नाही. निवटीसाहेब, नोंद झालेल्या कारवाया माझ्याच बातम्यांतून तारखांसह घेतल्या. त्या कोणत्याही बाजूने खेळलं तरी दिसतात. उचललेला मजकूर तपासून काढून टाकलाय.

तिखलंताईंसाठी तिसरी वाट केली. लिलावापासून सुरुवात. त्यात दर्या दिसतच नाही, फक्त भाव दिसतो. आठ दिवसांतल्या सगळ्यात जास्त मासळीच्या दिवशी सगळ्यात जास्त तोटा होतो. भाच्याला हे चुकलंय असं वाटून त्याने दोनदा 'दुरुस्त' केलं, दोनदा मी परत फिरवलं.

आज सकाळी तांडेलांकडे गेलो. त्यांनी रापणकाराचा शब्द न घेता पर्ससीनवाल्याचा घेतला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "आमचा माका म्हायती आसा." बोटीवरून खेळले. तिसऱ्या रात्री पट्ट्यात शिरले, पकडले गेले, हसले. परत खेळले, परत शिरले. मी काही बोललो नाही. मग फोन बाजूच्या पोराकडे दिला आणि म्हणाले एकादशीला वारा चुकलाय, त्या दिवशी तो वरून येतो, खालून नाही.


मिरकरवाडा
शुक्रवार, रात्री १०.४०

खेळलो. दंड कमी लावलाय. खरा जास्त बसतो. मला विचारायचं ना.


वाशिष्ठी
शुक्रवार, रात्री ११.०५

पॉवरकट, नदीचं करायचं असेल तर माझ्याकडे त्या रात्रीचे वेळेसह फोटो आहेत. जिन्याची कुठली पायरी किती वाजता गेली ते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.


तिखलं
शनिवार, पहाटे ४.१०

लिलावाक जाताना खेळलंय. बरो झालो. पण बर्फ संपलो की पुढचा बटण दिसणा नाय, टोपली तशीच अडकान रवता. आणि 'ताजो आसा मगो' विचारणाऱ्या गिरायकाक उत्तर देवचो पर्याय एकच दिलंस, 'होय'. आणखी दोन घाल, मी सांगतंय कायते.